वेअरचा छपरपलंग : एका नाट्यगत उल्लेखाचा विचार

शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ ह्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात सर टोबी हा भित्र्या सर अँड्र्यूला द्वंद्वाचे आव्हानपत्र लिहावयास चिथावतो. कागदावर मावतील तितकी असत्ये त्यात भरावीत, मग तो कागद वेअरच्या पलंगास पुरेल एवढा का असेना, असा त्याच्या सल्ल्याचा आशय आहे. ह्या उल्लेखाखाली बहुधा ‘एक प्रचंड पलंग’ अशी टीप आढळते. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. हा ओक लाकडाचा पलंग १५९० ते १६०० च्या दरम्यानचा असून १९३१ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा आहे. त्याची रुंदी सुमारे सव्वातीन मीटर. पायथ्याशी दोन कोरीव खांब, उशाकडे नक्षीदार फळी, वर लाकडी छत. तत्कालीन श्रीमंतांच्या छपरपलंगाची रचना अशीच असे. मात्र तेथे पडदे थंडीला आणि परक्या दृष्टीला अडवीत. पलंग ही घराण्याची मौल्यवान मत्ता मानली जाई. खुद्द शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात पत्नीला दिलेल्या पलंगाचा स्वतंत्र निर्देश आहे. वेअरचा पलंग ह्याहून निराळा. तो सराईतला. लंडनहून एका दिवसाच्या वाटेवरील ह्या गावी प्रवाशांना आकर्षून घेण्यासाठीच तो घडविला गेला असावा. पाहुण्यांनी त्यावर आपली आद्याक्षरे कोरली, लाखेच्या मुद्रा उमटविल्या. एकांतासाठी कल्पिलेली वस्तू येथे प्रदर्शनाची झाली.

टोबीचा विनोद ह्या प्रदर्शनावर उभा आहे. अँड्र्यूचे शौर्यही दाखविण्यापुरतेच, आणि त्याचे पत्र म्हणजे त्या शौर्याची जाहिरात. केवळ आकार सुचवावयाचा असता तर कोणतीही मोठी वस्तू चालली असती.

दुसरा मुद्दा शब्दाचा. इंग्रजीत कागदाचा ताव आणि अंथरुणावरील चादर ह्या दोहोंस ‘शीट’ हा एकच शब्द आहे. मराठीत ‘ताव’ व ‘चादर’ वेगळे पडताच श्लेष नाहीसा होतो आणि पलंगाचा उल्लेख अकारण भासू लागतो. तथापि मराठीत पत्राचीही घडी असते, चादरीचीही. पत्राची घडी उलगडली असता त्या पलंगावर अंथरता यावी, अशी योजना भाषांतरकारास करता येईल. पलंगाचे नाव गाळून ‘भलामोठा कागद’ म्हणणे सोपे खरे. परंतु त्यामुळे टोबीचा उपहास सामान्य अतिशयोक्तीच्या पातळीवर उतरतो.