मँटची दंतकथा आणि लॅम्बटनची कबर

मेजर चार्ल्स मँट यांच्याविषयी बडोद्यात काहीही लिहिलं गेलं की एक गोष्ट हमखास येते. लक्ष्मीविलासची गणितं चुकली, महाल कोसळणार, या धास्तीने त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी जीव दिला. पाठोपाठ ठरलेलं वाक्य: महाल मात्र अजून उभा आहे! गोष्ट कितपत खरी, हा वाद बाजूला ठेवू. माझी तक्रार अशी की तिच्यापुढे बांधकामच दिसेनासं होतं. मँट वारले १८८१ साली. महाल पुरा झाला १८९० साली, रॉबर्ट चिझम यांच्या हातून. एवढी वर्षं राबलेल्या चिझमना आपल्या लेखांत जेमतेम एक ओळ मिळते.

याच्या शेजारी विल्यम लॅम्बटन यांना ठेवून पाहा. हेही लष्करातलेच, पण नकाशाचे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. १८०८ साली, सरफोजीराजांच्या तंजावरात, त्यांचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं चक्र वाकलं. मँटच्या गोष्टीतली चूक ऐकीव आहे. इथलं नुकसान डोळ्यांसमोरचं होतं. लॅम्बटन यंत्र घेऊन बसले आणि दीडेक महिना खपून त्यांनी चक्र स्वतः सरळ केलं. मग पुन्हा मोजणी. नाट्य यातही आहेच, पण ते चिकाटीचं आहे, म्हणून बहुधा कुणी रंगवून सांगत नाही.

लॅम्बटनही काम अर्धवट टाकून गेले. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. पुढची रेषा जॉर्ज एव्हरेस्टनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव लागलं ते एव्हरेस्टचं.

गंमत बघा, तिथे सुरुवात करणारा विसरला गेला, आपल्याकडे शेवट करणारा. लक्ष्मीविलासवरच्या बहुतेक मराठी लेखांचा दोष मला हाच वाटतो: आराखडा काढणाऱ्याला ते एकट्यालाच कर्ता मानतात. इतका मोठा महाल नुसत्या कागदावरून उभा राहत नाही. गवंडी, कारागीर, देखरेख करणारे, पैसा पुरवणारं संस्थान, हे सगळं मँटच्या मृत्यूनंतरही चालूच होतं.

आणि चिझम शोधायला लांब जायला नको. बडोदा कॉलेजचा, म्हणजे आजच्या आर्ट्स फॅकल्टीचा, तो भला मोठा घुमट त्यांचाच. रोज त्याच्याखालून जाणाऱ्यांपैकी कितीजण ते नाव घेतात?