थुकरटवाडीचे हास्य आणि त्यावरील आक्षेप

लोकप्रिय कलाकृतीचे परीक्षण हे नेहमीच अवघड काम होय. लोकांनी जिला डोक्यावर घेतले तिला नावे ठेवावीत, तर परीक्षकास शिष्टपणाचा दोष लागतो. तिची स्तुती करावी, तर परीक्षणाची गरजच काय उरली, असे विचारले जाते. 'झी मराठी' वाहिनीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला आणि मार्च २०२४ मध्ये थांबलेला 'चला हवा येऊ द्या' हा प्रहसनांचा कार्यक्रम या पेचाचे चांगले उदाहरण आहे. जुलै २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह तो पुन्हा अवतरला. परंतु आमचा विचार डॉ. निलेश साबळे यांनी घडविलेल्या पहिल्या दशकापुरताच आहे.

सुरतेसारख्या नगरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या कार्यक्रमाचे एक ऋण मान्य करावेच लागेल. येथील आमची मुले शाळेत गुजराती व इंग्रजी बोलतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती घरची, एकाच वळणाची. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ऐकून मराठीला इतकीही रूपे आहेत हे त्यांना प्रथमच उमगले. थुकरटवाडी नावाच्या एका कल्पित गावात सारा महाराष्ट्र आपापल्या बोलीसह नांदला, ही लहान गोष्ट नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, पडद्यावर येणाऱ्या नव्या चित्रपटांची जाहिरात हाच या कार्यक्रमाचा खरा व्यवसाय होता. हे निखालस खरे आहे. शाहरुख खानसारखा हिंदी नटही या मंचावर आला तो काही मराठीच्या प्रेमापोटीच नव्हे. पाहुण्याची मर्जी राखावयाची म्हटल्यावर त्याच्या चित्रपटावर धारदार टीका होणे नाही. आणि विडंबनातून टीका वजा केली की मागे केवळ नक्कल उरते.

दुसरा आक्षेप असा की, हास्याच्या कार्यक्रमात अश्रूंना स्थान देऊन रसभंग केला गेला. हा मात्र आम्हास मान्य नाही. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी खाकी गणवेशातील पोस्टमनच्या रूपाने वाचून दाखविलेली पत्रे ही आमच्या मते या दशकातील सर्वांत टिकाऊ कामगिरी होय. शेतकऱ्याचे दुःख ऐकून सभागृह स्तब्ध होत असे, आणि मग पुढील हशा अधिक मोकळा होत असे. करुण व हास्य यांचे शेजार आपल्या परंपरेला नवे नाही.

तिसरा आक्षेप पुरुषांनी साडी नेसण्याविषयीचा. आमच्या वाचकांस कोकण-गोव्यातील देवळांच्या जत्रांतले दशावतार ठाऊक आहेत. तेथे रिद्धी-सिद्धी पुरुषच होतात आणि वेद चोरणारा संकासुर देवाच्या दारातच वेडेवाकडे बोलून हशा पिकवितो. तेव्हा वेषांतर हा दोष नव्हे. दशावतारातील नट स्त्री होतो तो तिच्यावर प्रेक्षकांचा विश्वास बसावा म्हणून. थुकरटवाडीत पुष्कळदा तो साडी नेसतो तो स्त्रीच हास्यास्पद व्हावी म्हणून. भाऊ कदम यांच्यासारखा निरागस चेहऱ्याचा, अचूक वेळ साधणारा नट वारंवार या एकाच युक्तीवर खर्च व्हावा, आणि श्रेया बुगडे यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीने मुख्य नटसंचात बराच काळ जवळजवळ एकटीने उभे राहावे, ही खरी हानी आहे.

परंतु आम्हास अधिक विचार करावयास लावतात त्या या कार्यक्रमाच्या दोन क्षमायाचना. २०२० मध्ये राजर्षी शाहू महाराज व महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्राचा विनोदासाठी फेरफार करून वापर झाला, म्हणून संभाजीराजे छत्रपती यांनी हरकत घेतली व क्षमा मागितली गेली. २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्यासारख्या दिसणाऱ्या पात्रावरून त्यांचे समर्थक रुष्ट झाले, आणि साबळे यांनी कणकवलीस जाऊन क्षमा मागितली. दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजले गेले. आम्हास ते भिन्न वाटतात.

भारतीय दंड संहितेच्या ४९९ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने घेतली. मूळ विवेक मात्र तोच राहिला. मृताच्या लौकिकास बाध आणून आप्तांच्या भावना दुखविण्याचा हेतू असेल, तर तीही अब्रुनुकसानी ठरू शकते. उलट लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत देणे हा अपवाद मानला आहे. पहिल्या प्रसंगी असा हेतू होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण जे उत्तर देऊ शकत नाहीत, अशा दोन लोकोत्तर राजांविषयी त्या विनोदास काही सांगावयाचेही नव्हते. तेथील क्षमा योग्यच होती. दुसऱ्या प्रसंगी ज्याच्या हाती उत्तर देण्याची सर्व साधने आहेत असा सत्ताधारी होता. सत्ताधाऱ्याची नक्कल हा सोंगाड्याचा जुना हक्क आहे, आणि हक्क न वापरल्याने झिजतो.

याहून खेदाची गोष्ट पुढेच आहे. स्थूल देह, सावळा वर्ण, गावंढळ बोलणे, स्त्रीचे वय यांवर या मंचाने दहा वर्षे निःशंक विनोद केले. त्यांच्यापैकी कोणाच्या दारी क्षमा मागावयास कोणी गेले नाही, कारण त्यांनी ती मागण्याचा दबाव आणला नाही. याच सुरतेत जन्मलेले गुजराती विनोदकार ज्योतीन्द्र दवे आपल्या कृश देहाची थट्टा स्वतःच करीत. स्वतःवर हसणाऱ्यास कोणाची परवानगी लागत नाही. दुबळ्यावर हसणाराही ती घेत नाही, पण दोहोंत अंतर आहे. हास्य कोणापुढे थबकते आणि कोणापुढे थबकत नाही, यावरून त्याचे शील कळते.

हा प्रश्न केवळ वाहिनीचा नाही. देवळातील उत्सवाच्या स्नेहसंमेलनांत आमची मुले याच धर्तीची प्रहसने बसवितात, आणि वडीलधारी मंडळी ती आधी वाचून पाहतात. व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांवरील विनोद त्यातून बहुधा खोडला जातो. घरकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यावरील विनोद राहतो. यंदा त्यांनी लेखणी उलट चालवून पाहावी. अध्यक्ष सभेत उत्तर देऊ शकतात. ती बाई तर सभेस बोलावलेलीही नसते.