जुहू पाण्याखाली असताना

१५ ऑक्टोबर १९३२ चं उड्डाण आपल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. सकाळी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून जेआरडी टाटा पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. अहमदाबादला उतरले. तिथं बर्मा शेलचं पेट्रोल बैलगाडीतून आलं, चार-चार गॅलनच्या डब्यांतून टाकीत ओतलं गेलं. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. तिथून थैल्या त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंटनं उचलल्या आणि बेल्लारीला रात्र काढून मद्रासला पोचवल्या. गोष्ट सुंदर आहे. जेआरडींनी स्वतः १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये तिची उजळणी केली, २०२१ मध्ये तरुण वैमानिक आरोही पंडितनं केली. पण या उड्डाणाचं जितकं कौतुक झालं, त्याच्या पावपटही त्याच्या पुढच्या पावसाळ्याचं झालं नाही, आणि माझ्या मते खरा रस तिथे आहे.

आधी तारीख नीट वाचू. या उड्डाणानं सुरू झालेली साप्ताहिक टपाल सेवा खरं तर सप्टेंबरात सुरू व्हायची होती. जुहूची जमीन पावसानं उतरण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून महिनाभर थांबावं लागलं. आमच्या अंतरवाली सराटीत, गोदाकाठच्या काळ्या रानात, कुणालाही विचारा, या महिन्याभरात काय होतं. पाऊस उघडतो आणि रानाला वाफसा येतो. मूठभर माती दाबली तर ढेकूळ व्हावं आणि बोटानं टोचलं तर ते फुटावं, हा वाफसा. त्याआधी रानात चाक घातलं तर बैलगाडी आसापर्यंत रुतते, मग ओढायला दोन जोड्या लावा नाहीतर चार. रिकामंच पाचशे किलोच्या वरचं, बारीक चाकांचं विमान अशा जमिनीवर वेगानं उतरलं तर चाकं जागीच धरली जातात आणि शेपटी डोक्यावरून पुढे येते. पंधरा ऑक्टोबर हा वाफशावरचा दिवस होता. आभाळ निवळलेलं, जमीन आवळलेली. त्या दिवशी उडायला धाडस लागलं, हे खरंच. पण टपालाची गाडी दर आठवड्याला सुटायची होती, जून-जुलैतसुद्धा.

आणि जूनमध्ये जुहू बुडालं. आजच्या जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टरं उठताना पाहणाऱ्याला हे खरं वाटत नाही. तेव्हा ते समुद्रालगतचं चिखलाचं सपाट मैदान होतं, कडेला झावळ्यांनी शाकारलेली शेड, आणि पावसाळ्यात भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी तिथं एक व्हायचं. जेआरडींनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की त्या दिवसांत त्यांचा विमानतळ समुद्राच्या तळाशी असे. मग त्यांनी काय केलं? सारा संसार उचलला आणि पुण्याला नेला. संसार म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. येरवडा तुरुंगाच्या भिंतीलगतचं एक मैदान त्यांना वापरायला मिळालं. टपालाचं विमान आता तिथून सुटू लागलं.

हा बेत मला फार आवडतो. पावसाशी झुंज वगैरे मोठ्या भाषेचा त्यात लवलेश नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पुणे घाटाच्या वर आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि पाऊस घाटावर सांडून मग तिकडे येतो. तळ तिथं हलवला की बेल्लारी-मद्रासकडे जाताना घाट चढायचाच राहत नाही, विमान उठतं तेच पठारावर. उत्तरेकडे, कराचीच्या वाटेवर मात्र घाटाचा तुकडा उरतोच. माझ्या समजुतीप्रमाणे छोटं विमान बारमाही चालवण्याचं सगळं शास्त्र इथं आहे: आभाळाचा विचार सगळेच करतात, जमीन पाहून बिऱ्हाड हलवणारा टिकतो.

आता विमान जवळून पाहू, कारण पावसाळ्याचं मोल त्याशिवाय कळत नाही. पस मॉथ म्हणजे डी हॅविलंड कंपनीचं एका पंखाचं विमान. पंख डोक्यावर, बसायची जागा काचेनं बंद, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. १२० अश्वशक्तीचं इंजिन उलटं बसवलेलं, सिलिंडर खाली आणि दंड वर, म्हणजे नाकावरून पुढचं स्पष्ट दिसावं. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. पंख मागे दुमडून ते अरुंद शेडमध्येही राहतं. मला सगळ्यात देखणी वाटते ती चाकांच्या पायांची युक्ती. प्रत्येक पायावर पातळ आवरण असे, वारा कापण्यासाठी. वैमानिकानं आत बसून ते नव्वद अंशांत वळवलं की तेच आवरण वाऱ्याला आडवं उभं राही आणि ब्रेकचं काम करी. इतकं हलकं, गुळगुळीत विमान जमिनीजवळ आलं तरी खाली बसायला तयार नसतं, तरंगत पुढे जात राहतं. छोट्या मैदानात उतरायचं तर कुठेतरी त्याला अडवणं भाग असतं, आणि ही अडवणूक पायांनीच करायची ही कल्पना करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

पण याच विमानाचे पंख खवळलेल्या हवेत मोडल्याचे अपघात त्या वर्षांत जगभर झाले आणि पुढे पंखांच्या आधारदांड्या मजबूत कराव्या लागल्या. घाटमाथ्यावर जुलैतली हवा कशी असते हे लोणावळ्याला उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. वैमानिकाजवळ रेडिओ नाही. ढग खाली आले की खालची नदी, रेल्वेचे रूळ, डोंगराचा ओळखीचा सुळका, एवढाच आधार, तोही दिसला तर. आणि ओल. लाकडी पंख्याच्या कडा पावसाच्या थेंबांनी झिजतात, मॅग्नेटोत दमटपणा शिरला की ठिणगी मरते, पंखांच्या कापडाखालचं लाकूड आणि सांधे रोज हात लावून पाहावे लागतात. वैमानिकांची नावं पुस्तकात आली. येरवड्याच्या मैदानात पहाटे ताडपत्री काढून इंजिन पुसणाऱ्या तीन मेकॅनिकांनाही मी या उड्डाणांचे कर्तेच मानतो.

या सगळ्याचं फळ काय आलं? पहिलं वर्ष संपलं तेव्हा नागरी विमान खात्यानं या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के असल्याचं नमूद केलं, आणि सगळ्यात अवघड पावसाळी महिन्यांतही कराचीला पुढच्या टपाल विमानाशी होणारी एकही जोडणी चुकली नाही, हे मुद्दाम सांगितलं. त्या वर्षात १,६०,००० मैलांची उड्डाणं झाली, १५५ प्रवासी नेले आणि ६०,००० रुपये नफा राहिला. मला यात वक्तशीरपणाचा आकडा सर्वांत मोठा वाटतो. एखाद्या दिवशी उत्तम उडणं ही मोठी गोष्ट आहेच. पण ओल्या आठवड्यामागून ओला आठवडा तसंच उडत राहणं ही वेगळी जात आहे, आणि १९२९ मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना काढलेल्या हौशी माणसाला व्यवसायाच्या पातळीवर याच जातीनं नेलं.

१९८२ च्या उजळणीत जेआरडी ७८ वर्षांचे होते. एकट्यानं, लेपर्ड मॉथमधून, तीच वाट. त्या उड्डाणात मला वयाचा पराक्रम कमी दिसतो आणि हातातला सराव जास्त. पन्नास वर्षं हात चालू ठेवलेला माणूसच असं करू शकतो. आरोही पंडितनं २०२१ मध्ये भुजहून जुहू गाठलं ते पिपिस्ट्रेल सायनस या अतिहलक्या विमानातून, साठ लिटरहूनही कमी पेट्रोलात. ती शिकली तेही बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये, जेआरडींच्याच क्लबात. २०१९ मध्ये त्याच छोट्या विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडणाऱ्या मुलीला हवामानाचं काय सांगायचं? ग्रीनलंडवरची थंडी तिनं अंगावर घेतलेली आहे. पण तिची ही उजळणीही पंधरा ऑक्टोबरचीच होती.

२०३२ मध्ये या उड्डाणाला शंभर वर्षं होतील. समारंभ होतील, कराचीची नाही तर भुजची वाट पुन्हा उडली जाईल, आणि ती उडावीच. माझी मागणी त्यापुढच्या जुलैची आहे. येरवड्याचं ते मैदान आता उरलं नसलं तरी बारामतीची धावपट्टी आहे, तिथं वैमानिक शिकतात, आणि डांबरावर चाक रुतण्याचा प्रश्न नाही. एका छोट्या विमानानं त्या महिन्यात दर आठवड्याला एक थैली पत्रं बेल्लारीला न्यावी आणि वेळेवर परत यावं. एक फेरी हवामान बिघडून चुकली तर तीही वर्तमानपत्रात छापावी, म्हणजे १९३३ साली त्या सहा माणसांनी काय केलं होतं त्याचा नेमका अंदाज आपल्याला येईल.