बील स्ट्रीट : मालकी, संगीत आणि स्मृती

प्रस्तावना

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराचा बील स्ट्रीट ‘ब्लूज’ या संगीतप्रकाराचे माहेरघर म्हणून जगप्रसिद्ध आहे. १९७७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने या लौकिकावर अधिकृत मोहोर उमटविली. तथापि, या रस्त्याचा इतिहास प्रामुख्याने गायक-वादकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. त्यामुळे ज्या आर्थिक पायावर हे संगीत उभे राहिले, तो पायाच दृष्टीआड होतो. प्रस्तुत लेखात या रूढ मांडणीची चिकित्सा केली आहे.

संपत्तीची उभारणी

१८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसमध्ये श्वेतवर्णीय जमावाने नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला केला. त्यात ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. गुलामगिरीत जन्मलेले रॉबर्ट चर्च हे आपल्या मद्यालयात गोळी लागूनही वाचले. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत शहरात पाच हजारांहून अधिक मृत्यू झाले, अनेकांनी शहर सोडले आणि १८७९ मध्ये मेम्फिसची नगरसनदही गेली. जमिनीचे भाव कोसळले असता चर्च यांनी मालमत्ता खरेदी केल्या आणि दक्षिणेतील अत्यंत धनाढ्य कृष्णवर्णीयांत त्यांची गणना होऊ लागली. १८९९ मध्ये त्यांनी बील स्ट्रीटवर उद्यान व सभागृह उभारले. कृष्णवर्णीयांना सार्वजनिक उद्यानांची दारे बंद असताना ही जागा त्यांची हक्काची ठरली. १९०६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सॉल्व्हंट सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली.

ही प्रगती निर्वेध मात्र नव्हती. १८९२ च्या मार्च महिन्यात ‘पीपल्स ग्रोसरी’ या दुकानाशी संबंधित तीन कृष्णवर्णीयांना तुरुंगातून ओढून नेऊन ठार करण्यात आले. शेजारच्या श्वेतवर्णीय दुकानदाराशी असलेली व्यापारी स्पर्धा या संघर्षाच्या मुळाशी होती. ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या संपादिका आयडा वेल्स यांनी अशा हत्यांमागचे समर्थन खोटे असल्याचे लिहिताच मे महिन्यात त्यांचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य व्यवस्थेला सोसवत होते. त्यांचा व्यापार आणि त्यांची लेखणी सोसवत नव्हती.

संगीत आणि भांडवल

डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ प्रसिद्ध केले. परंतु त्याचे हक्क त्यांनी अवघ्या ५० डॉलरना विकले आणि नफा इतरांच्या पदरी पडला. या अनुभवानंतर त्यांनी हॅरी पेस यांच्यासह चालविलेली प्रकाशनसंस्था म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. पेस हे पूर्वी सॉल्व्हंट बँकेत रोखपाल होते. हँडी यांचे वाद्यवृंद चर्च यांच्या उद्यानात वाजत असत. बँक, उद्यान आणि प्रकाशनसंस्था ही तिन्ही एकाच साखळीची कडी होती. ‘ब्लूज’ हा केवळ दुःखाचा उत्स्फूर्त उद्गार होय, हे विवेचन म्हणूनच अपुरे आहे. त्या उद्गाराला व्यासपीठ, मोबदला आणि हक्क मिळवून देणाऱ्या संस्था तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. बील स्ट्रीटवरील सर्वच मालकी कृष्णवर्णीयांची नव्हती. इटालियन व ज्यू व्यावसायिकांची दुकाने व नाट्यगृहेही तेथे होती. हँडी व पेस यांची संस्था १९१८ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि सॉल्व्हंट बँक, दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यानंतर, १९२७ मध्ये बुडाली. ‘सुवर्णयुग’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो.

ऱ्हास आणि पुनर्निर्माण

ऱ्हासाचे कारण म्हणून बदलती अभिरुची पुढे केली जाते. परंतु निर्णायक घाव राजकीय होते. चर्च यांचे पुत्र रॉबर्ट चर्च कनिष्ठ यांनी १९१६ मध्ये ‘लिंकन लीग’ स्थापन करून कृष्णवर्णीय मतदार संघटित केले. १९४० च्या सुमारास ई. एच. क्रंप यांच्या वर्चस्वाखालील नगरप्रशासनाने थकीत करांच्या कारणावरून चर्च कुटुंबाच्या मालमत्ता जप्त केल्या आणि उद्यानाचे नावही बदलले. २८ मार्च १९६८ रोजी सफाई कामगारांचा मोर्चा याच रस्त्यावर उधळला गेला. ४ एप्रिलला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्येच हत्या झाली. त्यानंतर ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली परिसरातील शेकडो इमारती पाडण्यात आल्या. विसंगती अशी, की १९६६ मध्येच हा रस्ता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला होता. १९८३ मध्ये तो पर्यटनस्थळ म्हणून पुन्हा खुला झाला, तेव्हा गाणे परतले. पूर्वीचे मालक व रहिवासी परतले नाहीत.

समारोप

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आणि १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ने ‘ब्लॅक पँथर’पासून प्रेरणा घेतली. दास्य आणि विद्रोह या दोन वाटांनी मराठी विचारविश्व कृष्णवर्णीय अमेरिकेपर्यंत पोहोचले. बील स्ट्रीटचा इतिहास या दोहोंमध्ये मालकी ही तिसरी संज्ञा आणतो. जमीन, बँक, छापखाना व स्वामित्वहक्क हातून गेल्यानंतर उरलेल्या कलेचा गौरव करणे सत्तेला सोपे जाते. वारसा जतन करताना काय जपले, यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात राहिले, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. रूढ इतिहासलेखनाने नेमका तोच टाळला आहे.