न पाहिलेल्या यंत्राची अनुकृती

मोबाइलसाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी प्रत्यक्ष मोबाइलवर न घेता, संगणकाच्या पडद्यावर उभ्या केलेल्या त्याच्या प्रतिरूपावर घ्यावयाची, ही रीत आता रूढ झाली आहे. या प्रतिरूपास एम्युलेटर म्हणतात. शब्दसंग्रहाच्या किंवा बोली-पाहणीच्या निमित्ताने भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचाही त्याच्याशी संबंध येतो. एम्युलेटर कसा बसवावा याची माहिती विपुल उपलब्ध आहे. परंतु तो नेमके कशाचे अनुकरण करतो, आणि म्हणून त्याची साक्ष कोठवर ग्राह्य मानावी, याची चिकित्सा क्वचितच होते. तीच प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रथम दोन संज्ञांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाम कंपनीच्या हस्तयंत्रांसाठी जो एम्युलेटर प्रचारात आला, त्याचा पाया ग्रेग ह्यूगिल यांच्या ‘कोपायलट’ या आज्ञावलीत होता. यंत्रातील मोटोरोलाच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरची एकेक आज्ञा तो संगणकावर घडवून आणीत असे, आणि तो चालू करण्यासाठी पामच्या रॉमची प्रत त्यास पुरवावी लागे. पुढे पामची प्रणाली पाचव्या आवृत्तीत एआरएम प्रोसेसरवर गेली, तेव्हा सिम्युलेटर आला. त्यात यंत्राचे अनुकरण नव्हतेच. प्रणालीच विंडोजवर चालावी अशी नव्याने सिद्ध केलेली होती. ॲपलचा सिम्युलेटरही याच जातीचा होय. त्यातील आज्ञावली आयफोनच्या नव्हे, तर मॅकच्या प्रोसेसरवर चालते. सारांश, एम्युलेटर यंत्राच्या अंतरंगाची नक्कल करतो, तर सिम्युलेटर केवळ वर्तनाची.

अँड्रॉइडचा एम्युलेटर वरकरणी पहिल्या जातीचा आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू या आज्ञावलीवर तो आधारलेला आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला असता एक विलक्षण गोष्ट आढळते. अँड्रॉइडची विकसन-साधने एम्युलेटरसह नोव्हेंबर २००७ मध्ये बाहेर पडली. त्या प्रणालीवरचा पहिला मोबाइल, एचटीसी ड्रीम, विक्रीस आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे अनुकृती आधी अवतरली आणि अनुकार्य मागाहून! एम्युलेटरच्या आत ज्या यंत्राचे अनुकरण होत असे, त्यास त्याच्या कर्त्यांनी ‘गोल्डफिश’ असे नाव दिले होते. असे यंत्र कोणत्याही बाजारात कधी विकले गेले नाही.

या ठिकाणी संस्कृत काव्यशास्त्रातील एका जुन्या वादाचे स्मरण होणे साहजिक आहे. शंकुकाने नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती चित्रातील घोड्याच्या प्रतीतीसारखी मानली आणि रसास अनुकरणरूप ठरविले. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी घेतलेला आक्षेप मार्मिक आहे: राम कोणीच पाहिलेला नाही, मग नट त्याचे अनुकरण करतो हे ठरवावयाचे कशाच्या आधारावर? हाच प्रश्न एम्युलेटरलाही विचारता येतो. तो कोणत्या मोबाइलसारखा आहे? उत्तर असे, की कोणत्याच एका मोबाइलसारखा तो नाही. कंपन्यांनी घातलेल्या भरी आणि केलेले फेरफार वजा केल्यावर जे सामान्य रूप उरते, त्याची ती सिद्धी आहे.

भाषाभ्यासकास ही कल्पना अपरिचित नाही. प्रमाण भाषा म्हणून आपण जिचे व्याकरण लिहितो, ती जशीच्या तशी कोणत्याही घरात बोलली जात नाही. तथापि तिच्यावाचून व्याकरण लिहिता येत नाही. एम्युलेटर ही हस्तयंत्रांची प्रमाण भाषा आहे, आणि लोकांच्या खिशातील मोबाइल या तिच्या बोली. निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट निराळे, कळफलक निराळे. प्रमाण भाषेच्या व्याकरणावरून बोलींचे स्वरूप सांगू पाहणाऱ्याची जी गत होते, तीच केवळ एम्युलेटरवर विसंबणाऱ्याची होते.

एक उदाहरण देतो. आमच्या विद्यार्थ्यांनी शब्दसंग्रहासाठी एक लहान आज्ञावली तयार केली. एम्युलेटरवर तिच्या सर्व चाचण्या निर्दोष पार पडल्या. प्रत्यक्ष पाहणीत मात्र एका विद्यार्थ्याने नोंदविलेला ‘दऱ्या’ हा शब्द दुसऱ्यास शोधूनही सापडेना, जरी तो पडद्यावर डोळ्यांना दिसत होता. कारण असे, की हा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिला जातो: एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ आणि हलन्तचिन्ह, दुसरा, साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह. दोहोंचे रूप एक, परंतु वर्णक्रम भिन्न. आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही त्यांचे ऐक्य होत नाही. अदृश्य चिन्ह गाळून टाकावे, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातील वाट समुद्रात जाऊन पोहोचते! शेवटी दुसरा क्रम पहिल्यात रूपांतरित करून मगच शब्द साठवावयाचा, असा उपाय योजावा लागला. एम्युलेटरने येथे असत्य सांगितले नव्हते. त्याच्यावर एकाच कळफलकाने मजकूर भरला गेला होता. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर त्याने दिले नाही, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, की मग एम्युलेटरचा उपयोग तो काय? हा निष्कर्ष घाईचा ठरेल. संपत आलेली बॅटरी, मंद जाळे, ऐन वेळी आलेला फोन, हवे ते स्थळ, या परिस्थिती एम्युलेटरवर इच्छेनुसार आणि पुनःपुन्हा निर्माण करता येतात. खऱ्या मोबाइलवर त्यांची वाट पाहत बसावे लागते. दोषाची पुनरावृत्ती करता येणे हा शास्त्रीय चाचणीचा आधार आहे, आणि तो एम्युलेटर उत्तम रीतीने पुरवितो.

म्हणून एम्युलेटर उभा करतानाच काही गोष्टी कटाक्षाने पाळावयास हव्यात. प्रणालीची केवळ नवी आवृत्ती न घेता एखादी जुनीही घ्यावी आणि स्मृती मुद्दाम कमी ठेवावी. यंत्राची भाषा मराठी निवडावी व अक्षरांचा आकार वाढवून पाहावा. संगणकाचा कळफलक बंद करून पडद्यावरच्या, किमान दोन भिन्न, कळफलकांनी मजकूर भरावा. एम्युलेटर सामान्यतः पूर्वी जतन केलेल्या स्थितीपासून जागा होतो. यास्तव निदान एकदा तो पूर्ण बंद करून मुळापासून सुरू करावा. इंटेलच्या संगणकावरील एम्युलेटर वेगासाठी बहुधा इंटेलच्याच घडणीची प्रणाली चालवितो, आणि मोबाइल प्रायः एआरएमचे असतात, हाही भेद विसरू नये. हे सर्व झाल्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे दोन-तीन साधे, जुने मोबाइल हाती घ्यावेत.

प्रबंधांतून ‘सॉफ्टवेअरची चाचणी यशस्वी झाली’ असे विधान वारंवार आढळते. ती कोणत्या प्रतिरूपावर, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या कळफलकाने घेतली, याचा उल्लेख नसेल, तर ते विधान अपुरे समजले पाहिजे. बोलीचा नमुना देताना निवेदकाचे गाव आणि वय नोंदविण्याचा दंडक आपण पाळतोच. यंत्राच्या बाबतीत तो शिथिल करण्याचे काही कारण दिसत नाही.