'नाइस' या शब्दाची कुळकथा

एखादें पुस्तक कसें वाटलें असें विचारलें असतां आमच्या विद्यार्थ्यांकडून बहुधा एकच उत्तर येतें : 'नाइस आहे.' नाटक नाइस, कविता नाइस, आणि उपाहारगृहांतील चहाही नाइस! इंग्रजींतील जीं नाणीं वापरून वापरून अगदीं गुळगुळीत झालीं आहेत, त्यांपैकीं हें एक होय. त्यावर पूर्वीं कोणता छाप होता हें पाहूं गेल्यास मौज वाटते, आणि थोडा बोधही होतो.

ह्या शब्दाचें मूळ लॅटिन. 'स्किरे' म्हणजे जाणणें. त्याला 'ने' हा नकार जोडून 'नेस्कियुस' म्हणजे अज्ञ. ज्या धातूपासून 'सायन्स' हा शब्द निघाला, त्याच धातूच्या नकारांतून 'नाइस' जन्मला! जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजींत आला तेव्हां त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता. १४०० मध्यें निवर्तलेल्या चॉसरच्या काव्यांतही तो त्या अर्थानें भेटतो. पुढें छचोर, नखरेल, चोखंदळ, सूक्ष्म, काटेकोर असे अर्थ त्यास येत गेले. त्यांचा नेमका क्रम कोशकारांनाही सर्वत्र लावतां आलेला नाहीं. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत काटेकोरपणाचा अर्थ स्पष्ट दिलेला आहे. 'सुखकर' हा आजचा अर्थ अठराव्या शतकांत रूढ झाला.

'सिली' ह्या शब्दाचा प्रवास नेमका उलट. मूळ अर्थ सुखी, धन्य. मग निष्पाप, दीन, दुबळा आणि शेवटीं मूर्ख. एक शब्द जिना चढत असतां दुसरा उतरत होता! इंग्रजांस हंसण्याचें मात्र आपणांस कारण नाहीं. संस्कृतांत 'राग' म्हणजे रंग, अनुराग. मराठींत तो क्रोध झाला. 'शिक्षा' म्हणजे शिकवण. आम्हीं तिचा दंड केला.

जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर ॲबे' ह्या कादंबरींत ह्या शब्दावर एक रमणीय प्रसंग आहे. लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, ती प्रसिद्ध झाली. नायिका कॅथरिन मिसेस रॅडक्लिफच्या एका कादंबरीस 'नाइस' म्हणते, आणि हेन्री टिल्नी तिची थट्टा मांडतो. हा शब्द मूळचा नीटनेटकेपणाचा व अभिरुचीच्या नाजूकपणाचा असावा, असें त्याचें म्हणणें. हेन्रीची बहीण त्याला टोमणा मारते तो ह्याच शब्दाचा 'फाजील चोखंदळ' हा अर्थ घेऊन. प्रसंग लहान, परंतु एकाच शब्दाच्या दोन पिढ्या त्यांत समोरासमोर उभ्या आहेत.

तथापि टिल्नीचा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. ज्यास तो मूळ समजतो तें मूळ नव्हे, मधली पायरी आहे. खऱ्या मुळाशींच जावयाचें तर 'नाइस पुस्तक' म्हणजे मूर्ख पुस्तक म्हणावें लागेल! शब्दाचा अर्थ व्युत्पत्ति ठरवीत नाहीं, बोलणारा समाज ठरवितो. तेव्हां कॅथरिनचा शब्द चुकीचा नव्हता.

मग दोष कोणता? तो शब्द उच्चारणारास पुढें विचार करावा लागत नाहीं, हा. आणि येथें केवळ विद्यार्थ्यांकडे बोट दाखविणें अन्यायाचें होईल. 'वाचनीय', 'संग्राह्य', 'छपाई सुबक' हे आमच्या पुस्तकपरीक्षणांतले 'नाइस'च होत. एका स्नेह्याच्या कवितासंग्रहाविषयीं आम्हींही एकदां 'वाचनीय' असें लिहून मोकळे झालों. तो संग्रह अर्धाच वाचला होता. स्नेही संतुष्ट झाले, आणि त्यांच्या पुढील संग्रहांत पहिल्यांतले सर्व दोष जसेच्या तसे उतरले. त्या दोषांत आमच्या त्या एका शब्दाचा वांटा होता, हें आम्ही विसरलों नाहीं.

हल्लीं कोणी 'नाइस' म्हटलें कीं आम्ही शब्द सुधारीत नाहीं, फक्त 'कां?' असें विचारतों. उत्तर आलें तर टीकेस आरंभ झाला. न आलें, तर त्या शब्दाचा लॅटिन पूर्वज अद्यापि जिवंत आहे असें समजावें.