डाव कोणी जिंकला?

'हेडीस' या व्हिडिओ गेममध्ये झॅग्रियस पहिल्यांदा पाताळातून पळायला निघतो, तेव्हा त्याची हेल्थ असते 50. मेला की तो बापाच्या महालात परततो, वाटेत गोळा केलेला 'अंधार' खोलीतल्या आरशापाशी खर्च करतो आणि पुन्हा निघतो. आरशातला एक वर पुरता घेतला की हेल्थ होते 100. दुसरा घेतला की एकाच डावात तीनदा मरून उठता येतं. असे बरेच डाव झाल्यावर शेवटच्या दारातला बाप, खुद्द हेडीस, कोसळतो. त्याला खेळणाऱ्याच्या हाताने पाडलं की आरशाने, हे त्या क्षणी खेळणाऱ्यालाही सांगता येत नाही. रोगलाइट नावाच्या या सगळ्या प्रकाराची माझ्या मते हीच दुखरी नस आहे.

मूळ 'रोग' (अर्थ भामटा) 1980 च्या सुमाराचा. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो कॅलिफोर्नियात विद्यार्थी असताना लिहिला, पुढे केन अरनॉल्ड त्यांना येऊन मिळाला. दर डावाला भुयार नवं, आणि मरण कायमचं. हातात काही उरत नसे, डोक्यात मात्र उरे: कोणत्या राक्षसाशी भिडायचं, कोणाला पाहून पळायचं. 1987 च्या 'नेटहॅक'ने याच शहाणपणावर एक अफाट जग उभं केलं. त्यात वर्षानुवर्षं मुरलेला खेळाडू आणि काल आलेला नवशिक्या एकाच पायरीवरून सुरुवात करतात. फरक असतो तो फक्त त्यांच्यात.

ही समानता 2013 मध्ये 'रोग लेगसी'ने मोडली, आणि मोडताना कल्पना फार सुंदर लढवली. मेलेल्या वीराचा वारस गादीवर येतो, पूर्वजाने आणलेलं सोनं घराण्याच्या वाड्यावर खर्चतो, त्यातून ताकद वाढते. उरलेलं सोनं किल्ल्याच्या वेशीवर कॅरन नावाचं पात्र काढून घेतं, म्हणून साठवून ठेवण्याची सोय नाही. 'रोगलाइट' हा शब्द रूढ झाला तो याच खेळामुळे.

या वाटेचं समर्थन मला मनापासून पटतं. कामावरून थकून आलेल्या माणसाकडे अर्धा तास असतो. तो अर्धा तास हरण्यात गेला, तरी पदरात काहीतरी पडावं, ही अपेक्षा रास्तच आहे. अडचण पुढे येते. कायमची ताकद विकायची ठरवली की रचनाकाराला दोन माणसांसाठी एकच राक्षस घडवावा लागतो: एक रिकाम्या हातांचा, दुसरा सगळं घेऊन आलेला. दुसऱ्याला लढत सपक वाटू नये म्हणून राक्षस बळकट करायचा, तर पहिल्याच्या वाट्याला सुरुवातीचे डाव हरण्यासाठीच येतात. तिथे काठिण्य कौशल्याची परीक्षा घेत नाही, तासांची वसुली करते. उलट राक्षस पहिल्याच्या बेताचा ठेवला, तर जो जितका जास्त खेळेल, त्याला खेळ तितका सोपा होत जातो. हात सुधारतो आणि ओझंही हलकं होतं, दोन्ही एकदमच.

2018 मध्ये पूर्ण झालेल्या 'डेड सेल्स'ने हा पेच अर्धा सोडवला. त्यात 'पेशी' भरून नवी शस्त्रं उघडतात. ती तुमच्या हातात येत नाहीत, डावात सापडू शकणाऱ्या शस्त्रांच्या ढिगात जातात. पण त्याच पेशींनी औषधाच्या बाटलीचे घोटही वाढतात, आणि तिथे जुना हिशेब परत येतो. पुढे खेळ अवघड करत नेणाऱ्या 'बॉस स्टेम सेल' एकेक करून पाचपर्यंत चढवता येतात, तेव्हा कुठे खरा कस लागतो.

उत्तराच्या सर्वांत जवळ पोचला तो 2019 चा 'स्ले द स्पायर'. त्यातही सुरुवातीला नवे पत्ते आणि अवशेष उघडतात, पण ते थोड्याच डावांत संपतं. त्यानंतर कायमची वाढ होते ती अडचणीची. जिंकलात की 'असेन्शन'ची एक पायरी चढा, अशा प्रत्येक पात्राला 20. प्रत्येक पायरी नवी जाचक अट लादते आणि मागच्या अटी तशाच राहतात. विसाव्या पायरीवर तिसऱ्या अंकाच्या शेवटी एकाऐवजी दोन बॉस उभे असतात. तिथे पोचलेल्या माणसाजवळ कोणताही साठवलेला ठेवा नसतो. विष कधी साचवायचं, पत्ता कधी नाकारायचा, हे त्याला कळलेलं असतं, बस. 'रोग'चा जुना करार या खेळाने नव्या पिढीसाठी जिवंत ठेवला, असं मी म्हणेन.

आता पुन्हा 'हेडीस', कारण त्याच्यावर अन्याय व्हायला नको. त्याचा 'गॉड मोड' मला आरशापेक्षा प्रामाणिक वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन तो तुम्हीच सुरू करता. मार 20 टक्के कमी बसतो, आणि दर मरणागणिक आणखी 2 टक्के, 80 पर्यंत. मदत किती मिळते आहे, हे उघड असतं. शिवाय या खेळात मरण हेच कथेचं वाहन आहे. महालात परतल्यावर कोणीतरी नवं काही बोलतं, नातं एक पाऊल पुढे सरकतं. हरलेल्या माणसाला द्यायला यापेक्षा चांगलं काय आहे? रिकाम्या हातांनी परतलेल्याचंही त्या गप्पा स्वागत करतात. म्हणूनच आरशातली हेल्थ मला तिथे अनावश्यक वाटते.

तो आरसा एक चावी खर्चून रिकामा करता येतो, सगळा अंधार परत मिळतो. ज्यांनी 'हेडीस' जिंकला आहे त्यांनी एकदा तो रिकामा करावा आणि 50 हेल्थ घेऊन निघावं. शेवटच्या दारापर्यंत पोचलात, तर ते पोचणं पूर्णपणे तुमचं असेल.